बॅले न पाहिलेल्या तुळजाबाई

तुळजाबाई टीचरांनी आयुष्यात कधी बॅले पाहिला नव्हता. पॅरिस तर सोडाच, त्या बंगळूरच्या पलीकडेही गेल्या नव्हत्या. तरीही तंजावूरच्या एका मुलींच्या कॉलेजात, होम सायन्स विभागात, त्यांनी पस्तीस वर्षं एक प्रकरण शिकवलं: पहिलं महायुद्ध संपल्यावर, जॅझ संगीताच्या त्या दहा-बारा वर्षांत, बॅले नाचणाऱ्या बायकांचे कपडे कसे बदलले. अभ्यासक्रमात त्या प्रकरणाला चार ओळी होत्या. टीचर त्याला तीन आठवडे घेत.

विम्याच्या कचेरीत माझी तंजावूरला बदली झाली तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, पश्चिमेच्या राजरस्त्यावर एक मराठी बाई वरची खोली भाड्यानं देतात. मी सांगलीची, मराठी बाई म्हटल्यावर मला हायसं वाटलं. दार उघडलं ते साठीकडे झुकलेल्या, उंच, किडकिडीत बाईंनी. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि गळ्यात साखळीच्या जागी शिंप्याची पिवळी टेप. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या कुडत्याची बाही दोन बोटांच्या चिमटीत धरली, जरा ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "काखेंत तंग होतें तुम्हांस. कोणीं शिवलें हें?"

मी गोंधळून म्हटलं, "तयार घेतलाय."

"म्हणूनच. हात वर करा पाहूं. आतां श्वास घ्या." मी दारातच हात वर करून श्वास घेतला. "दिसलें? अर्ध्यावर अडकला. बैसा आत. कॉफी घेणार ना?"

त्यांचं मराठी ऐकून मला पणजोबांची पत्रं कुणीतरी मोठ्यानं वाचतंय असं वाटलं. फक्त सूर मात्र अस्सल तमिळ. बसा न म्हणता त्या 'बैसा' म्हणत, 'सगळं' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच, त्याच्याऐवजी 'अस्क' होतं. महिनाभरानं मी धीर करून म्हणाले, "टीचर, तुमचं मराठी जरा वेगळं आहे, नाही?"

"आमचें आहे तसेंच आहे साडेतीनशें वर्षें," त्या शांतपणे म्हणाल्या. "वेगळें तुमचें झालें."

देवनागरी त्यांना वाचता येत नसे. मराठी त्या तमिळ अक्षरांत लिहीत. तमिळमध्ये प आणि ब यांना एकच अक्षर, क आणि ग यांना एकच, ट आणि ड यांनाही एकच. त्यामुळे माझ्यासाठी जिन्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्या, पुढे मी तमिळ वाचायला शिकले तेव्हा, मोठ्या मजेदार निघाल्या. 'बाई, गोड केलें, खालीं या' हे मी 'पाई, कोट केलें' असं वाचलं आणि खरोखरच कोट शिवला असेल म्हणून खाली गेले. त्यांच्या बाबतीत तशी शक्यता नेहमीच असे.

कपडा दिसला की त्यांना राहवत नसे. टाऊन बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईच्या ब्लाउजची शिवण त्या इतक्या जवळून पाहत की ती बाई पदर ओढून घेई. एकदा माझ्या कचेरीत आल्या, आणि आमच्या मोठ्या साहेबांना त्यांच्या टेबलासमोर उभं करून पँटच्या कमरेत बोट घालून सांगितलं, "दोन इंच सोडा. जेवल्यावर रागावतां तुम्ही, तें ह्यामुळें." साहेबांनी खरंच दोन इंच सोडले. ते रागवायचे थांबले असं म्हणता येणार नाही, पण टीचरांचं नाव निघालं की हसू लागले.

त्यांचं सगळं शास्त्र एका प्रश्नात होतं. कुठलाही कपडा दाखवा, त्या आधी विचारीत, "ह्यांत श्वास कुठें जातो?"

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तोवर मला तमिळ कळू लागलं होतं. एकदा मी रजा टाकून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी तेच प्रकरण होतं. टीचरांनी टेबलावर सात बाहुल्या मांडल्या. साध्या कापडी बाहुल्या, वीतभर उंचीच्या, पण प्रत्येकीचा पोशाख असा बेतलेला की हुकसुद्धा खरे. पहिली बाहुली जुन्या बॅलेची: कंबर आवळणारा ताठ कोर्सेट, खाली कडक जाळीचा घेर. दुसरीच्या अंगावर सैल पायजमा आणि झिरझिरीत ओढण्या. "ही पूर्वेची नक्कल," टीचर वर्गाला तमिळमध्ये सांगत होत्या. "पॅरिसमध्ये गेलेल्या रशियन नाचणाऱ्यांनी आणलेली. आपल्याकडचं बघून, अर्धवट बघून केलेलं. पण त्या पायजम्यात तिला पहिल्यांदा पाय लांबवता आला." तिसरी, चौथी, पाचवी करत कंबर खाली सरकत गेली, नितंबांवर येऊन थांबली, झगा सरळ झाला, गुडघ्याशी आला, केस कापले गेले, कपाळावर पट्टी आली. सातव्या बाहुलीच्या अंगावर विणलेला आखूड अंगरखा होता, समुद्रावर पोहायला जाताना घालतात तसा.

"हिला बघा," टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ही रंगमंचावर आली तेव्हा लोकांना वाटलं, ही कपडे बदलायला विसरली. आत कोर्सेटची हाडं नाहीत, तारा नाहीत, दोऱ्या नाहीत. नुसतं विणलेलं कापड. कोर्सेट गेला आणि बाई सुटली. लिहून घ्या."

चाळीस मुलींनी लिहून घेतलं. मीसुद्धा.

हे सगळं त्यांनी जमवलं कसं, तीही एक गोष्ट होती. नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा जागतिक पोशाखांचा तो पेपर कुणालाच नको होता, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. लायब्ररीत एका इंग्रज बाईनं दान दिलेलं चित्रांचं एक जाड पुस्तक होतं. वाळवीनं त्याची निम्मी पानं खाल्लेली. नेमकी बॅलेच्या प्रकरणाची पानं अशी खाल्ली होती की चित्रांत पाय होते आणि धड नव्हतं. टीचरांना चैन पडेना. त्यांनी परदेशातल्या ग्रंथालयांना, संग्रहालयांना पत्रं लिहायला सुरुवात केली. उरलेली धडं मिळवायला त्यांना नऊ वर्षं लागली. झेरॉक्स, फोटो, एकदा तर कापडाचा नखाएवढा तुकडा आला. एका पत्रात कुणीतरी कळवलं होतं की त्या काळातल्या त्या नाचांची फिल्म कुणी काढलीच नाही. टीचरांनी ते प्रमाण मानलं आणि हलणारं काही शोधायचं कायमचं सोडून दिलं.

एकदा मात्र त्यांनी स्वतःच ते हलवून पाहिलं होतं. मी येण्याच्या खूप आधीची गोष्ट. कॉलेजच्या वार्षिक समारंभात त्यांनी आठ मुलींचा 'समुद्रकाठ' नावाचा नाच बसवला. सातव्या बाहुलीसारखे विणलेले अंगरखे, गुडघ्यापर्यंत, खाली पूर्ण पायमोजे, कपाळाला पट्ट्या, हातात टेनिसच्या रॅकेटी. मुलींनी दोन महिने बसून ते अंगरखे विणले होते. पडदा वर गेला आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या मिनिटाला एक मुलगी चक्कर येऊन पडली. पालक उठून उभे राहिले. मुलीला लाजेनं भोवळ आली, असं प्राचार्यांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी टीचरांना मेमो दिला. अकरा वर्षं त्यांना कुठल्याही समारंभाच्या जवळ फिरकू दिलं नाही.

तो मेमो त्यांनी मला दाखवला. फाइलवर त्यांनी लिहिलं होतं, 'प्रेक्षकांचा अभिप्राय'.

"वाईट वाटलं असेल ना?" मी विचारलं.

"वाटलें. पण प्राचार्य चुकले तसे मीही चुकलें. पोर लाजून पडली नव्हती. लोकर होती ती! तंजावुरांत, मार्च महिन्यांत, आठ पोरींस मीं लोकर घातली. फोटोंत ऊन दिसत नाहीं, मालती."

त्या स्वतः लहानपणी नाच शिकल्या होत्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. अकराव्या वर्षी देवळातल्या उत्सवात पहिल्यांदा उभ्या राहिल्या. आईनं हौसेनं कमरेचा पट्टा इतका आवळला की दुसऱ्याच पदात धाप लागली. दमा होता, पण तो दमा आहे हे तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हतं. त्या तशाच मध्येच नाच सोडून, घुंगरू वाजवत, सगळ्या लोकांमधून चालत घरी आल्या. वडील म्हणाले, पुरे झालं. "आणि पुरें झालें," असं म्हणून त्यांनी देठं गोळा केली आणि विषय संपवला.

निवृत्तीनंतर त्या घरी नाचाचे पोशाख शिवू लागल्या. तंजावूर, तिरुवैयारू, पापनाशम, सगळीकडून मुली येत. भरतनाट्यमचा पोशाख शिवणारे गावात पुष्कळ होते, पण टीचरांकडे येणाऱ्या मुली बहुधा कुठल्यातरी अडचणीतल्या असत. कुणी फार जाड, कुणाला भाजल्याचा डाग. त्यांतलीच भुवना.

भुवना पंधरा वर्षांची होती. तिच्या पाठीचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. दिवसाचे बरेच तास ती प्लॅस्टिकचा कडक पट्टा घालून वावरत असे. डॉक्टरांनी नाचायला मोकळीक दिली होती, नाचताना पट्टा काढायचा. नाचायची सुंदर. तिरुवैयारूला तिचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम, ठरला होता. पण शिंप्यानं शिवलेला पोशाख घातला की एक खांदा वर, एक नितंब बाहेर, आणि पुढच्या चुण्यांचा पंखा, जो ती अर्धं बसली की सरळ उघडायला हवा, तो एका बाजूला कलंडायचा. कमरेच्या पट्ट्यानं तर तो बाक जणू अधोरेखित व्हायचा. तिची आई टीचरांसमोर बसून रडत होती. "रद्द करतो आम्ही. लोक नाच बघणारच नाहीत."

भुवना मान खाली घालून बसली होती. टीचर तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. "आधी एक श्वास घे. मग बोल. तुला नाचायचंय?"

मुलीनं श्वास घेतला. "हो."

"मग रडायचं काम आईला करू दे. तू उभी राहा."

टीचरांनी आठ दिवस नुसती मापं घेतली. उभ्यानं, बसून, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या स्थितीत, श्वास आत घेताना, सोडताना. मग कपाटातून ती पाचवी बाहुली काढून शिलाई मशीनवर ठेवली, खाली सरकलेल्या कंबरेची. भुवनाचा पोशाख त्यांनी खांद्यापासून सरळ खाली सोडला. कमरेला आवळणं बंद. पट्टा खाली, नितंबांवर, किंचित तिरका. आणि चुण्या एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला आठ, म्हणजे वाकड्या अंगावर पंखा सरळ उघडेल.

पोशाख पाहायला भुवनाचे गुरू आले. गोविंदस्वामी मास्टर, सत्तरीचे, पिढ्यान्‌पिढ्या नाच शिकवणाऱ्या घराण्यातले, टीचरांना लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं आणि ओसरीवरूनच म्हणाले, "हे काय आहे?"

"पोशाख," टीचर म्हणाल्या.

"कंबर कुठे आहे? शेकडो वर्षांची परंपरा आहे ही. माझी शिष्या असं काही घालून रंगावर यायची नाही."

टीचर आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. मास्टरांच्याच घरच्या जुन्या फोटोची प्रत होती ती. त्यांच्या आत्याआजीचा, नाचाच्या वेशातला. "तुमच्या आजींनी ह्यातलं काय घातलंय, मास्टर? शिवलेला पंखा दाखवा. हुक दाखवा." फोटोत नुसती जड साडी होती, पायजम्यावर बांधलेली, चापूनचोपून. "शिवलेला पोशाख आला तो तुमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत. तोही त्याच काळात, तिकडे कंबर खाली सरकली त्याच्या थोडंच मागून. तिकडचे पोशाख पाहिलेल्यांनीच इकडचा बदलला. तुमची ही शेकडो वर्षं माझ्या आईच्या लग्नाच्या सुमाराला सुरू झालीत."

मास्टर उठून गेले. कॉफी तशीच राहिली. मला वाटलं, संपलं. टीचरांना फोटो दाखवायची घाई झाली होती, हे त्यांनाही कळलं होतं; त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

चार दिवसांनी मास्टर परत आले. आल्या आल्या म्हणाले, "फोटोचं राहू दे. मी वेगळं सांगायला आलोय. मुलगी अरमंडीत बसते तेव्हा तिची कंबर कुठे आहे, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. तिथूनच तर सगळे कोन निघतात. तू कंबर झाकलीस तर तिचं बसणंच दिसणार नाही. ती नुसती बुटकी दिसेल."

 टीचरांनी भुवनाला पोशाख घालून बसायला लावलं, दहा पावलं मागे गेल्या आणि पाहिलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

त्यांनी खऱ्या कमरेच्या जागी जरीची एक बारीक रेघ शिवली. बोटाएवढी, कुठेही न आवळणारी. मास्टरांनी ती पाहिली आणि या वेळी कॉफी प्यायले.

तिरुवैयारूचा कार्यक्रम सकाळी होता. टीचर पडद्याच्या आड सुईदोरा घेऊन उभ्या, मी त्यांच्या शेजारी. भुवना पहिल्यांदा अर्धी बसली आणि पंखा उघडला. सरळ. एकोणीसच्या एकोणीस चुण्या एका रेषेत. टीचर तिचा नाच पाहतच नव्हत्या. त्या तिच्या बरगड्यांकडे पाहत होत्या आणि तिच्याबरोबर श्वास घेत होत्या. दोन तास. शेवटच्या तिल्लान्यात, म्हणजे समारोपाच्या जलद नाचात, मला भीती वाटली की ह्याच चक्कर येऊन पडतील.

कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतली एक बाई भुवनाच्या आईला विचारत होती, हा पट्टा चेन्नईची नवी फॅशन का? भुवना धावत आत आली, घामानं निथळत, आणि टीचरांना म्हणाली, "टीचर, मी विसरले."

"काय विसरलीस? कुठलं पद?" टीचर घाबरल्या.

"पद नाही. पाठ. पाठ आहे हे विसरले."

टीचरांनी तिच्या खांद्याचा हुक काढला, परत लावला, पुन्हा काढला. 

पुढे माझी बदली झाली. मी सांगलीला परत आले. फोनवर बोलणं होई, पण टीचरांच्या मते फोन हे निरोपाचं साधन. हवामान, तब्येत आणि 'तुझ्या सांगलीच्या शिंप्यास म्हणावें' एवढ्यात त्या फोन ठेवत. बऱ्याच वर्षांनी, गेल्याच्या गेल्या वर्षी, मी दोन दिवसांसाठी तंजावूरला गेले. टीचरांनी सत्तरी ओलांडली होती. दमा वाढला होता. बोलताना वाक्य दोनदा तोडावं लागे. पण टेप गळ्यात होती.

मी त्यांच्यासाठी एक गोष्ट नेली होती. एका परदेशी नृत्यमंडळीनं त्या काळातला, समुद्रकाठचा तसा एक नाच जुने कागद आणि फोटो पाहून पुन्हा उभा केला होता. कपडेही जुन्या बेतानुसार नव्यानं विणलेले. त्याची चित्रफीत मला इंटरनेटवर सापडली होती. दुपारी जेवण झाल्यावर मी टॅबलेट त्यांच्यासमोर उभा केला आणि सांगितलं, "टीचर, सातवी बाहुली."

त्यांनी चष्मा पुसला. नाच सुरू झाला.  त्यांचा मांडीवरचा उजवा हात, त्या नाचणारीचा पाय वळला की वळत होता. माणसं पळत होती, वाकत होती, विणलेले अंगरखे अंगाबरोबर ताणत आणि परत येत होते. संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत."

दुसऱ्यांदा पाहताना एका जागी त्या एकदम पुढे झुकल्या. "थांबव. मागें ने." एक पुरुष एका नाचणारीला धावत येऊन वर उचलतो, ती जागा. मी मागे नेलं. "परत." पुन्हा नेलं. मला काही दिसत नव्हतं.

"त्याचा हात पाहा," टीचर म्हणाल्या.

मी पाहिलं. तिच्या कमरेला धरलेला त्याचा तळवा सैल विणीवर घसरत होता. तो पटकन हात वर सरकवून कापडाची मूठ आवळत होता, तेव्हा कुठे ती वर जात होती. डोळ्याचं पातं लवावं तेवढ्यात.

"त्यास धरायला जागाच नाहीं," टीचर म्हणाल्या. "कोर्सेट ताठ असे. त्यास हात बसे. हें कापड सरकतें. ती पडली असती." त्यांना धाप लागली. मी टॅबलेट बंद करायला गेले तर त्यांनी हात धरला. "पस्तीस वर्षें मीं सांगितलें, कोर्सेट गेला, बाई सुटली. अर्धेंच सांगितलें. झेलणाऱ्याचे हात मीं कधीं पाह्यलेच नाहींत."

"टीचर, एवढं काय? एक बारीक गोष्ट आहे."

"बारीक नाहीं." त्या उठून खिडकीशी गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "एका पोरीनें लिहिलें होतें हें. परीक्षेंत. सेल्वी. खिडकीकडचा तिसरा बाक. तिनें लिहिलें, आंत ताठ कांहीं नसेल तर उचलणाऱ्यास कठीण जाईल. मीं लाल शाईनें काट मारली. वर्गांत उभी करून विचारलें, तूं पॅरिसला जाऊन पाहून आलीस काय? अस्क पोरी हसल्या."

"ती आता कुठे असते?"

"पापनाशमला. शिवणाचें दुकान आहे तिचें." मग माझ्याकडे वळून, "उद्यां तुझी गाडी कितीची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पापनाशमच्या बसमध्ये होतो. माझी गाडी पापनाशमलाही थांबत होती, म्हणून मी सामान घेऊनच निघाले. दोन्ही बाजूंना भाताची शेतं. टीचर पूर्ण वाटभर पर्समधला इनहेलर हातात धरून समोर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "ती विसरली असेल तर बरें."

दुकान बस स्टँडजवळच होतं. दोन मशीनं, भिंतीला टांगलेले ब्लाउज, दारात गिऱ्हाइकांसाठी बाकडं. पन्नाशीची, ठेंगणी, भक्कम बाई तोंडात टाचण्या धरून कापड बेतत होती. टीचरांना पाहताच तिनं टाचण्या हातावर थुंकल्या आणि उठून उभी राहिली. "टीचर! तुम्ही इथं?"

टीचर बसल्या नाहीत. उभ्यानंच, दम घेत घेत, तमिळमध्ये त्यांनी सांगितलं, "सेल्वी, परीक्षेत तू एक उत्तर लिहिलं होतंस. बॅलेचं."

सेल्वीचा चेहरा बदलला. "अडीच मार्क," ती म्हणाली.

"काय?"

"अडीच मार्क कापले होते तुम्ही."

टीचरांनी मान हलवली. "तू बरोबर होतीस. मी काल पाहिलं. माझी चूक होती, आणि वर्गात हसवलं ती त्याहून मोठी चूक होती. ते सांगायला आले."

 एक शिलाईवाली मुलगी मशीन थांबवून बघत होती. सेल्वीनं पदरानं बाकडं पुसलं. "बसा टीचर. आधी बसा." टीचर बसल्यावर तीही शेजारी बसली.

"मला एक सांग," टीचर म्हणाल्या. "तू पॅरिसला गेली नव्हतीस. तुला कसं कळलं?"

सेल्वी हसली. "त्यात काय कळायचं? माझी आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती, टीचर. मी कॉलेजला यायच्या आधी तिला उचलून अंघोळ घालून यायची. सैल झगा असला की हात सटकायचा. दोनदा पडली माझ्या हातून. मग मी तिच्या कमरेला पंचा घट्ट गुंडाळायला लागले. त्याला धरलं की पिसासारखी उचलली जायची."

टीचरांनी विचारलं, "तू हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पॅरिसचं विचारलंत," सेल्वी म्हणाली.

टीचरांनी पर्समधून वही काढली. "सावकाश सांग. पंचा किती रुंद? गाठ कुठे? हात कुठून घालायचा?" आणि त्या लिहू लागल्या. सेल्वी हवेत हात फिरवून दाखवू लागली. तेवढ्यानं टीचरांचं समाधान होईना. त्या खोदून खोदून विचारत होत्या. वर्गात मुलींनी त्यांना जितकं विचारलं नसेल तितकं.

माझ्या गाडीची वेळ झाली. मी टीचरांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या वर न बघता म्हणाल्या, "जाऊन ये." मी पिशवी उचलून रस्ता ओलांडला. रिक्षा मिळेपर्यंत दोन-चार मिनिटं गेली असतील. त्यानंतर टीचर सहा-सात महिनेच होत्या, आणि मला पुन्हा जाणं झालं नाही. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. रिक्षात बसता बसता मी सहज मागे वळून पाहिलं, इतकंच.

दुकानाच्या दारात टीचर उभ्या होत्या. त्यांच्या साडीवरून, कमरेला, ब्लाउजच्या कापडाची एक लांब लाल पट्टी गुंडाळलेली होती. सेल्वी गुडघ्यांत वाकली, दोन्ही हातांनी ती पट्टी धरली, काहीतरी म्हणाली. बहुतेक, श्वास घ्या म्हणाली असावी, कारण टीचरांनी छाती भरून घेतली. मग ती त्यांना घेऊन उठली. टीचरांची एक चप्पल निसटून पायरीवर पडली. त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले, मान मागे टाकली आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बस स्टँडवरची माणसं वळून बघू लागली.